चार कोरे खिळे

तेओफिल गाव्लासला पुरून आलो त्या दिवशी, दफनानंतरचं सूप पिता पिता सहा जणांनी मला सांगितलं की हा माणूस शूर आहे हे त्यांनी पहिल्यापासून ओळखलं होतं. साफ खोटं. त्या सहांपैकी चार जण त्याला तोंडावर 'खोडरबर' म्हणायचे, पाचवा पाठीमागे म्हणायचा. सहावा नंतर गावात राहायला आला, म्हणून सुटला. आणि मला तर बोलायलाच जागा नाही. मीही म्हणाले होते. एकदाच, पण नको त्या दिवशी.

आमच्या गावच्या छापखान्यात तो जुळारी होता, शिशाचे खिळे, अक्षरांचे आणि मोकळ्या जागेसाठी कोरे, एकेक करून ओळीत जुळवायचा, आणि मी प्रुफं वाचायची. बावीस वर्षं समोरासमोर बसलो. उंच, वाकलेला, शाईने काळी पडलेली नखं, एप्रनच्या खिशात चरबी लावलेला पाव आणि खारवलेली काकडी. पावाचा कागद घडी घालून परत घरी न्यायचा. एकच कागद महिनाभर पुरवायचा. कामात मात्र कंजूस नव्हता. ओळीत केसभर जागा जास्त दिसली तरी सगळी ओळ मोडून पुन्हा जुळवायचा आणि मला म्हणायचा, "पोला बाई, तुम्हाला दिसायच्या आधी मला दिसलं हं."

गावात कोणी मेलं की त्याचं निधनपत्रक तेओफिलच्याच हातून जायचं. काळी चौकट, वर क्रूस, मधे नाव, तीस प्रती. त्या चर्चच्या फळीवर, कबरस्तानाच्या फाटकावर आणि मेलेल्याच्या दारावर लागायच्या. वर्षश्राद्धासारखी मिसा, म्हणजे मेलेल्यासाठी चर्चमधली प्रार्थना, सांगितली तरी तिचंही पत्रक निघायचं. आणि यातल्या प्रत्येक कागदाला आधी सेन्सॉरचा शिक्का लागायचा. लग्नपत्रिकेलाही लागायचा, मग मेलेल्यांना कोण सोडतंय?

भानगड होती ती कातिनची. आमच्या गावातून लढाईवर गेलेले अकरा अधिकारी रशियनांच्या कैदेत पडले आणि १९४०च्या वसंतानंतर त्यांचं एकही पत्र आलं नाही. त्यांना कातिनच्या जंगलात गोळ्या घातल्या होत्या. कोणी घातल्या हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. पण सरकारी उत्तर असं, की हे जर्मनांचं काम आणि तेही एक्केचाळीसच्या उन्हाळ्यानंतरचं. जर्मन त्या जंगलात पोचले तेच एक्केचाळीसमध्ये, म्हणून पत्रकावर चाळीस लिहिलं की मारणारे रशियन ठरणार, आणि रशियन तर आमचे जिवलग मित्र! त्यामुळे 'कातिन' एक वेळ चालायचं, '१९४०' मात्र नाही.

आणि हे त्या विधवांना सांगायचं काम तेओफिलचं. कुनेगुंदा पिरेक दर फेब्रुवारीत नवऱ्याच्या नामदिनाला, म्हणजे त्याच्या नावाच्या संताच्या दिवशी, मिसा सांगायची. एकटी बाई, चार कोंबड्या, हात इतके थरथरायचे की कपातला चहा बशीत यायचा.

"या वर्षी साल घाला," ती म्हणाली.

"बाई, साल घातलं की शिक्का नाही. शिक्का नाही तर पत्रक नाही."

"मग काय, एक्केचाळीस घालू? मेलेल्याला वर्षभर जास्त जगवू?"

"एक्केचाळीसही नको. काहीच नको. देवाला तारीख माहीत आहे."

"देवाला माहीत आहे हो! गावाला कळावं म्हणून मी पैसे मोजतेय. खोडरबर कुठला!"

त्याने मान खाली घालून हात पुसले. दुपारी प्रूफ माझ्या टेबलावर आलं तेव्हा मी लाल पेन्सिलने गोल केला. "गाव्लास, 'कातिन'च्या पुढे चार कोरे खिळे घातलेत तुम्ही. जागा बंद करा."

"राहू द्या."

"राहू द्या काय? ओळ आहे की चाळणी?"

"राहू द्या, पोला बाई."

केसभर जागेसाठी जीव टाकणारा माणूस चार खिळ्यांचं भोक तसंच ठेवतो, याचा मला रागच आला. शिक्का मिळाला, पत्रकं लागली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पाहिलं तर प्रत्येकावर त्या कोऱ्या जागेत नेमकं बसेल असं साल लिहिलेलं होतं. १९४०, कॉपिंग पेन्सिलने. ती पेन्सिल जिभेवर ओली केली की जांभळी उठते आणि मग पावसानेही जात नाही. गावाने मनातल्या मनात कुनेगुंदाला शाबासकी दिली. मी मात्र तिचे हात पाहिले होते. त्या हातांनी एक आकडा धड आला नसता, तीस कागदांवर तर सोडाच.

नऊ वाजता तेओफिलने चहा फुंकायला तोंड उघडलं. जीभ जांभळी.

"काय खाऊन आलात?" मी विचारलं.

"रानबेरी."

"फेब्रुवारीत?"

"बरणीतल्या."

बरणीतल्या बेरी मीही खात होते आणि त्यांनी जीभ इतकी रंगत नाही हे मला पक्कं ठाऊक होतं. त्यानंतर त्याच्या कुठल्याही प्रुफावर मी तो लाल गोल केला नाही. माझं शौर्य तेवढंच.

त्याची आई बाल्बिना ही त्या अकरांपैकीच एकाची विधवा. नवरा इग्नात्सी शाळेत भूगोल शिकवायचा, राखीव दलात लेफ्टनंट होता. कैदेतून आलेलं त्याचं शेवटचं कार्ड तिने चेन्स्तोहोवाच्या देवमातेच्या तसबिरीमागे लपवलं होतं. तोंडाची मोठी फटकळ. रविवारी चर्चच्या पायऱ्यांवर सगळ्यांदेखत म्हणायची, "माझा लेक गावातल्या बापांची सालं खोडतो. स्वतःच्या बापापासून सुरुवात केली त्याने." तेओफिल तिची छत्री धरून बाजूला उभा असायचा. मला ऐकवेना.

"आईला तरी सांगा ना," मी एकदा हळूच म्हणाले.

"आईला सांगितलं की मटणाच्या रांगेला सांगितलं," तो म्हणाला आणि हसला. हसू काही फार टिकलं नाही.

एकोणऐंशीच्या नोव्हेंबरात तिने अंथरूण धरलं. मी रस्सा घेऊन गेले तेव्हा तो उशाशी बसला होता. तिने माझ्यासमोरच त्याचं मनगट धरलं. "माझ्या पत्रकावर तुझ्या बापाचं साल छाप."

"आई, लिहील कोणीतरी..."

"पेन्सिल नको! पेन्सिल कोणीही फिरवतं. मला छापलेलं हवं. शिशाच्या गोळीने मारलं त्याला, शिशाच्या खिळ्यांनीच लिही. जुळारी आहेस ना तू?"

"हो, आई."

"वचन दे."

त्याने दिलं. तीन दिवसांनी ती गेली. त्याची मुलगी याग्ना तेव्हा क्राकूफला डॉक्टरकीच्या दुसऱ्या वर्षाला होती. बायको लवकर वारल्यावर त्याने एकट्याने वाढवलेली पोर. तिची जागा सरकारच्या एका कागदावर अवलंबून, त्याची नोकरी दुसऱ्यावर. बाल्बिना तर सुटली होती. अडकला होता तो.

गावात सेन्सॉरचा शिक्का प्लुताकडे असायचा. प्लुता दुष्ट नव्हता, भित्रा होता, आणि भित्र्या माणसाच्या हातात शिक्का असला की दुष्टाची गरज पडत नाही. त्याने प्रूफ उजेडाकडे धरलं. "गाव्लास, आईबद्दल वाईट वाटलं. पण ही जागा बंद करा. मला वरून विचारतात, ते जांभळं साल येतं कुठून. कोरी जागा दिसली तर शिक्का नाही."

तेओफिलने त्याच्यासमोर चारही कोरे खिळे उपसले आणि ओळ घट्ट केली. शिक्का मिळाला. आता पेन्सिलचीही सोय उरली नव्हती.

परत आल्यावर तो यंत्राजवळ गेला. आकड्यांच्या खिळ्यांचा खण उघडा होता. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "पोला बाई, बाजारात सॉसेज आलंय म्हणे. रांगेत उभ्या राहा जा."

"पहिल्या प्रतीवर माझी सही लागेल."

"आल्यावर करा."

मी काही दुधखुळी नव्हते. उघडा खण मला दिसत होता. त्याने मला सुटायचं दार दाखवलं होतं आणि मी कोट चढवून त्या दाराने गुमान निघाले. दोन तास रांगेत उभी राहिले. छाप बाबा, वचन दिलंयस, असं मनात एकदा म्हणायचे. नको छापूस, सगळेच मरू, असं लगेच पुढे. पायाला थंडी झोंबत होती आणि आत कुठेतरी बरं वाटत होतं, की मी तिथे नाही. त्या बरं वाटण्याची मला अजून लाज वाटते.

परतले तेव्हा तीस प्रतींचा गठ्ठा दोरीने बांधून तयार होता. फाइलची प्रत वेगळी, माझ्या टेबलावर. मी वाचली. 'कातिन येथे मृत्यू पावलेले शिक्षक इग्नात्सी गाव्लास यांची पत्नी.' साल नाही. जागाही नाही.

"वचन दिलं होतंत," मी म्हणाले.

"हो."

"मरणाऱ्या आईला!"

"सही करा, पोला बाई."

माझा तोल गेला. खरं तर राग स्वतःचा होता, निघाला त्याच्यावर. "खोडरबर," मी म्हणाले. अगदी स्पष्ट, तोंडावर. मग सही केली. त्याने एप्रनची घडी घातली, पावाचा कागद खिशात ठेवला, गठ्ठा उचलला आणि गेला.

दफनाच्या दिवशी सकाळी कबरस्तानाच्या फाटकाशी माणसं थबकलेली दिसली. कोणी बोलत नव्हतं. म्हाताऱ्या स्टेल्माखने टोपी काढून छातीशी धरली होती. मी खांद्यांमधून पुढे सरकले. काळ्या चौकटीत, छापील, ठळक: 'कातिन येथे १९४० साली ठार मारले गेलेले.' प्रुफं वाचायची सवय वाईट असते. आधी मी ओळच तपासली. केसभरही जागा कुठे जास्त नव्हती. त्याने मला दाखवायला एक प्रत वेगळी छापली होती आणि उरलेल्या तीस आईसाठी.

दुपारपर्यंत मिलिशियावाल्यांनी, म्हणजे आमच्या पोलिसांनी, सगळी पत्रकं फाडली. फाटकावरचं तेवढं निघेना. पिठाच्या खळीत त्याने सुताराचा सरस घातला होता. शेवटी त्यांनी त्यावर डांबर फासलं. तो काळा चौकोन पुढच्या वसंतापर्यंत तिथे होता, आणि जाता येता लोक त्याच्यासमोर छातीवर क्रूस काढायचे.

मला दोघा परक्या माणसांनी बोलावलं. "तुमची सही आहे. तुम्हाला माहीत होतं."

"मला काय डोंबल माहीत होतं!" मी ओरडले. "मी पाहिलेल्या कागदावर साल नव्हतं! मी त्याला तोंडावर खोडरबर म्हणाले, विचारा त्याला!" माझ्या डोळ्यांतून रागाने पाणी यायला लागलं. त्यातला एक जण फस्सकन हसला. मला सोडून दिलं.

त्याला नाही सोडलं. नोकरी गेली आणि शाळेच्या बॉयलरमध्ये कोळसा टाकायचं काम मिळालं. याग्नाला कॉलेजमधून काढलं. ती परत आली, इस्पितळात आयाचं काम धरलं आणि तीन वर्षं एका छताखाली बापाशी बोलली नाही. मला एकदा म्हणाली, "आजी तर मेलेलीच होती. तिला काय कळणार होतं? मी जिवंत होते ना?"

मी बॉयलरच्या खोलीत गेले, माफी मागायला. तो फावड्यावर हात टेकून उभा राहिला. "अहो, माफी कसली? तुम्हाला खोटं बोलता येत नाही, पोला बाई. चेहराच सांगतो तुमचा. म्हणून तुम्हाला खरं सांगितलं नाही. तुम्ही चिडाल आणि त्यांच्यासमोरही तशाच चिडाल, याच्यावर तर मी भिस्त ठेवली होती."

"पण मी तसं म्हणायला नको होतं."

"हो," तो म्हणाला, "ते लागलं." आणि पुन्हा कोळसा ओढायला लागला.

सत्त्याऐंशीच्या मार्चमध्ये छातीच्या दुखण्याने तो गेला. पत्रक मीच जुळवलं, त्याच्याच खणातले खिळे घेऊन. नव्या जुळाऱ्याला हात लावू दिला नाही. 'तेओफिल गाव्लास, जुळारी. बाल्बिना आणि कातिन येथे मृत्यू पावलेले इग्नात्सी यांचा मुलगा.' 'कातिन'च्या पुढे चार कोरे खिळे घातले.

प्लुता पार म्हातारा झाला होता. त्याने प्रूफ उजेडाकडे धरलं, खूप वेळ. "इथे जागा राहिलीय, बाई."

"राहिलीय."

"मला हल्ली नीट दिसत नाही," तो म्हणाला आणि शिक्का मारला.

सकाळी कबरस्तानाच्या फाटकावर मी पहिलं पत्रक लावलं. खळीची बादली याग्नाने धरली होती. येईल असं वाटलं नव्हतं, पण आली होती. मी कॉपिंग पेन्सिल काढली, जिभेला लावली आणि लिहायला लागले. हात थंडीने आखडला होता.

"तुमचा नऊ वाकडा येतोय," याग्ना म्हणाली. "बाबांचा सरळ यायचा."

"तुला कधीपासून माहीत?"

"उशीला डाग असायचे जांभळे. मीच धुवायचे."

मी पेन्सिल तिच्यापुढे केली. तिने बादली खाली ठेवली, पेन्सिल जिभेला लावली आणि तिचं तोंड वेडंवाकडं झालं.

"कडू आहे ही!"

"हो. खूपच."

"बाबा कधी म्हणाले नाहीत," ती म्हणाली. मग तिने पेन्सिल परत जिभेवर ठेवली आणि आजोबांचं साल सरळ, सावकाश लिहून काढलं.