पत्रेवाल्याचा ड्रम

...तर काल सांगत होतो तो पत्रेवाला. जन्मभर पत्रे ठोकून त्याचे कान कामातून गेले होते. बायकोचं बोलणंही ऐकू येईना, तर "तेवढंच सुख!" म्हणायचा गडी. उरलंसुरलंही जाणार, असं सांगून डॉक्टरांनी हात टेकले होते.

पण सकाळी धावताना त्याला गाणं लागायचंच. आधी हळवी गाणी ऐकू येईनाशी झाली, मग शब्द विरले. शेवटी लेकीने फोनवर दणदणीत रॉक शोधून दिलं.

"बाबा, यातला ड्रम मेलेल्यालाही उठवील!"

तो एकेक गाणं लावून बघायचा आणि ज्यातला ड्रम कानाला लागेल, तेच ठेवायचा. असं गाळता गाळता एकच गाणं उरलं.

एक दिवस मैदानाला फेऱ्या मारून तो घामाघूम, पण खुशीत परतला.

"आज काय ड्रम वाजलाय म्हणून सांगू!"

लेकीने त्याचा फोन हातात घेतला. रात्री चार्जिंगला लावायचाच राहिल्याने तो पार बंद पडला होता. तिने काळा पडदा त्याच्यापुढे धरला. पत्रेवाल्याने छातीवर हात ठेवला. तिथली धडधड अजून चालूच होती.

"म्हणजे हे आतलं वाजत होतं होय! बरंय पोरी, हे थांबलेलं तरी मला ऐकू यायचं नाही."