झोपाळ्याची कडी

समोरच्या घराचा स्लॅब टाकताहेत. ओल्या सिमेंटचा वास आमच्या नल्लकुंट्याच्या गल्लीत भरला, की मी अजूनही खिडकी लावून घेते.

आमचं घर बांधलं तेव्हा मी आठवीत होते. माझ्या वडिलांनी, नानांनी, आवारात चुन्यानं सगळं आखलं होतं. इथे आईला बसायला ओटा, इथे स्कूटर, इथून फाटकापर्यंत काँक्रीट. प्रत्येकाला विचारून. मी माझ्या खोलीच्या छताला झोपाळ्याची कडी मागितली. "घालू की," नाना म्हणाले. ती आणायलाही मीच त्यांच्याबरोबर अंबरपेठेत गेले होते. जड, काळी, हाताला तेलकट लागणारी.

स्लॅबच्या दिवशी मी शिडीवर उभी होते. मेस्त्रीनं वरून विचारलं, "साब, कडी बच्ची के कमरे में डालना ना?"

"नक्को," नाना खालून म्हणाले. "वो तो शादी करके चले जाती. बेटे के कमरे में डालो."

मी तिथेच होते, त्यांना दिसत होते. कडी भावाच्या खोलीकडे गेली आणि माझ्या खोलीच्या सळयांवर काँक्रीट ओतलं गेलं.

पुढे भाऊच पुण्याला गेला. मी कुठेच गेले नाही. आता नाना माझ्या खोलीत झोपतात, बाथरूम जवळ पडतं म्हणून. त्यांना दोरी धरून उठायला हवं असतं. परवा वर बघत म्हणाले, "इथे कडी कशी नाही गं ठेवली कुणी?"

इतकी वर्षं मला वाटत होतं, निदान त्यांना आठवत तरी असेल.