धरणाबद्दल भाऊ काय म्हणाले

आमच्या डोंगेवाल्या भाऊंना कुठल्याही गोष्टीची एकच बाजू सांगता येत नसे. नव्या जावयाबद्दल विचारा, सरकारी बियाण्याबद्दल विचारा. जितकं चांगलं सांगतील तितकंच वाईटही सांगतील, आणि तेही तोंडावर. "गुरुजी, तुमी शिकवता चांगलं, पण पोट्ट्याईले मारता लय," हे त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात ऐकवलं. मला राग आला होता. महिन्याभरात छडी मात्र मी चुलीत घातली.

स्वातंत्र्यानंतरची ती पहिली दहा वर्षं. चंद्रपूरला तेव्हा सगळे चांदाच म्हणायचे. आमचं गाव नदीच्या अलीकडे, चामोर्शीचा बाजार पलीकडे, आणि मध्ये भाऊंचा डोंगा. नदीवर मोठं धरण बांधून वीज काढणार अशी बातमी आली आणि डोंग्यात दुसरा विषयच उरला नाही. भाऊंनी त्याचीही वाटणी करून टाकली. सकाळी बाजाराला जाताना तोटे, संध्याकाळी गावाकडे येताना फायदे. "ताज्या डोक्याले वाईट पेलते. थकल्या माणसाले घरी जाता जाता बरं आयकू द्यावं," असं त्यांचं म्हणणं.

तोटे सांगताना त्यांचा हात वल्ह्यावर आणि नजर पाण्यावर असे. पहिल्या पुरात अंडी घालायला वर चढणारे मासे भिंतीला धडकून मरतील. उन्हाळ्यात वाळूवर लावतो ती डांगरवाडी जाईल, मग टरबूज कुठे पिकवायचं? धानाच्या बांध्या, मोहाची झाडं, गाव, सगळं पाण्याखाली. येताना मात्र घरोघरी दिवे लागत, उन्हाळी पीक डोलू लागे. आणि शेवटी यायचा धरणाच्या भिंतीवरचा रस्ता. तिथे भाऊ थांबत. त्यांची एकुलती एक मुलगी तापाने फणफणली तेव्हा नदीला पूर होता. तीन दिवस डोंगा घालता आला नाही, आणि डॉक्टर चामोर्शीला. "भिंतीवरून बैलबंडी गेली असती, गुरुजी. माही पोरगी वाचली असती."

त्या हिवाळ्यात मोजमापाचे साहेब आले. ते चामोर्शीकडून आले, म्हणजे त्यांच्या वाट्याला फायदे. मी डोंग्यात होतो. भाऊंनी जीव ओतून सांगितलं, अगदी मुलीपर्यंत; साहेब वहीत लिहून घेत होते. तोटे भाऊंनी परतीसाठी राखून ठेवले. तिसऱ्या दिवशी धुतलेलं धोतर नेसून ते सकाळपासून घाटावर बसले. साहेबांची जीप मात्र जंगलातल्या रस्त्याने आली आणि त्यांना घेऊन तिकडूनच चांद्याला गेली. दुपारी आम्ही दोघा-तिघांनी जाऊन सांगितलं तेव्हा भाऊ उभे राहिले.

"असे कसे गेले? अर्धंच आयकून गेले ना!"

आम्ही हसलो. आज ते हसणं आठवलं की माझी मलाच लाज वाटते. दोन महिन्यांनी चांद्याच्या कचेरीतून कागद आला. गावाची हरकत दिसत नाही, खुद्द तिथल्या नावाड्यानेच धरणाचे फायदे सांगितले, असं त्यात लिहिलं होतं. मी तो चावडीवर वाचला. कोणी भाऊंकडे पाहिलं नाही, आणि तेच वाईट होतं.

मग अर्ज करायचं ठरलं. भाऊंच्या अंगणात मी कागद घेऊन बसलो आणि म्हटलं, "फक्त तोटे लिहू या." भाऊ ऐकेनात.

"रस्त्याचंही लिवा."

"अहो भाऊ, गाव बुडतंय! फायदे कशाला लिहायचे?"

"अर्धं बोलून एकदा चुकलो ना? आता पुरं लिवा."

मी चिडलो, लेखणी आपटली. तेव्हा चुलीपाशी बसलेल्या पारूबाई, भाऊंची बायको, हळूच म्हणाल्या, "लिवा ना गुरुजी, त्याइच्या मनासारखं. पोरीचं नाव तं येईन कागदावर." मी लेखणी उचलली. लिहिलं. उत्तर चार ओळींचं आलं. रस्त्याची गरज अर्जदारालाच मान्य आहे, सबब फेरविचाराचं कारण नाही.

गाव उठलं. जंगलात आत, नदीपासून लांब नवी वस्ती झाली. भाऊंना कोणी वाईट बोललं नाही. फक्त त्यांना काही विचारणं लोकांनी सोडून दिलं. माझी बदली मोहर्लीला झाली.

दोन वर्षांनी मी भेटायला गेलो. भाऊ ओसरीत बसले होते, हात वाळून काटक्या झाले होते. बराच वेळ पावसापाण्याचं बोलले. मग एकदम विचारलं, "गुरुजी, तो रस्ता मी लिवाले लावला नसता, तं गाव राह्यलं असतं काय?"

"नाही भाऊ. वरून आधीच ठरलं होतं," मी म्हणालो. मला काहीच माहीत नव्हतं.

भाऊ माझ्याकडे पाहत राहिले. "मंग बरं," म्हणाले, आणि पारूबाईंना चहा ठेवायला सांगितलं.

त्याच वर्षी धानकापणीच्या सुमारास भाऊ गेले. आधीच ठरलं होतं की नव्हतं, हे चांद्याला जाऊन विचारता आलं असतं. बारा वर्षं मी कामानिमित्त त्या कचेरीवरून जात होतो. आत कधी गेलो नाही. तो अर्ज माझ्या अक्षरात आहे.