मनोहररावांनी न भिजवलेली ओळ

आदरणीय मनोहररावांची आणि माझी ओळख माझ्या बुटांमुळे झाली. अमरावतीहून पदवी घेऊन मी नुकताच परतलो होतो आणि अंगात मस्ती होती. अंजनगाव सुर्जीकडच्या आमच्या गावाच्या शिवेवर पानवेलीचं एक छोटं संशोधन केंद्र होतं. सडलेली मुळं दाखवायला मी बुटांसकट तिथल्या पानमळ्यात शिरलो. आत केंद्राचे प्रमुख, अकोल्याचे मनोहरराव, म्हणजे आमचे साहेब, अनवाणी उभे. "पानमळेवाल्याच्या घरचे ना तुमी? मंग जोडे काहून घातले?" एवढंच त्यांनी विचारलं. पानमळ्यात पायताण घालून जायचं नाही, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. ते मला बाहेरच्या माणसानं शिकवावं! मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग त्यांनी शांतपणे समजावलं, की जोड्यांबरोबर बाहेरची माती येते आणि मातीबरोबर वेल सुकवणारा मर रोग. आमच्या रिवाजाला अडाणीपणा न म्हणणारा शास्त्रज्ञ मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला.

गावोगावच्या निरोगी वेली हुडकून त्यांनी केंद्रात लावल्या होत्या. ज्याचा मळा मेला, त्यानं तिथून लावणीसाठी बेणं न्यायचं. माझा मळा एका पावसाळ्यात साफ बसला, तेव्हा साहेब स्कूटरवर आले. उपदेश एका शब्दाचा केला नाही, दुपारभर माझ्या वडिलांजवळ बसून राहिले. आठवड्यानं बेण्याची जुडी घेऊन किसनभाऊ दारात हजर.

किसनभाऊ म्हणजे केंद्रात पाणी देणारे मजूर. कुठलाही प्रयोग लावण्याआधी साहेब त्यांचं मत घेत. विहिरीजवळची शेवटची ओळ किसनभाऊंनी स्वतः लावलेली; तिला दुसऱ्या कोणी पाणी घातलेलं त्यांना खपत नसे. ते वारले तेव्हा साहेब निवृत्त होऊन अकोल्यात राहत होते, तरी खांदा द्यायला आले.

त्यानंतर दोन वर्षांनी वरून आदेश आला आणि केंद्र बंद झालं. फाटकाला कुलूप, वीज तोडलेली, मोटर मुकी. आम्ही देवळाच्या ओट्यावर जमलो, निवेदनं दिली. "विचाराधीन आहे" असं उत्तर मिळालं. इकडे चैत्र तापला होता. आठवडाभर पाणी तुटलं तर वेल जाते, आणि ते मूळ बेणं गेलं असतं तर पुढच्या रोगात आमच्या भागातलं पान संपलं असतं.

पण महिना उलटला तरी कुंपणापलीकडे हिरवंच. कोण पाणी देतं, कोणी सांगेना. बायका तिकडून जाणं टाळू लागल्या.

वैशाखात एका भर दुपारी मी गेलो. कुंपण एके ठिकाणी तुटलं होतं आणि बाहेर चपलांचा एक जोड नीट काढून ठेवलेला. चोरून शिरायचं आणि चपला मात्र बाहेर काढायच्या! हसू आलं, पण आत गेलो आणि ते विरलं. बाहेर अंगाची लाही होत होती. आत काळोखी, गार ओल. जवळच पाणी ओतल्याचा आवाज आला. त्या ओळीत गेलो, कोणी नाही. पलीकडे आवाज, तिथंही नाही. तिसऱ्या ओळीत मनोहरराव दिसले. चौऱ्याहत्तर वर्षांचं वय, खांद्यावर घागर. एक दिवसाआड अकोल्याहून एसटीनं येत होते.

सगळ्या मळ्याला एकटे कसे पुरता, असं मी विचारलं. त्यांनी विहिरीकडे बोट केलं.

"त्या शेवटच्या ओळीले पाणी मी देत नाई. मी येतो तवा ते ओलीच असते. मले वाटलं, तुमी देऊन राहिले."

मी नव्हतो. संध्याकाळी घरोघर विचारलं, कोणीच नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून गावानं ओळी वाटून घेतल्या. भीत भीत का होईना, माणसं आली. कितीही लवकर या, शेवटची ओळ भिजलेली. साहेबांनी तिला हात लावू दिला नाही. "ज्याचं काम त्याले करू द्या," म्हणाले.

आषाढात वेली न्यायची परवानगी मिळाली आणि आम्ही बेणं काढलं. शेवटच्या ओळीपाशी साहेब हात जोडून उभे राहिले. "किसनभाऊ, वेली नेऊन राहिलो. इथं आता कोणी राहणार नाई." वारा अजिबात नव्हता. विहिरीकडून एकेक वेल हलत गेली, ती हालचाल आमच्यापर्यंत आली आणि थांबली. मी भुताखेतांवर विश्वास ठेवत नाही, असं आजही म्हणतो. त्या दिवशी मीही हात जोडले, हेही खरं. साहेबांनी डोळे पुसले आणि विळा चालवला.

ते बेणं आज गावच्या प्रत्येक मळ्यात जगलं आहे. त्या दिवशी हात धुताना साहेब सहज म्हणाले, "मी गेल्यावर मलेही एक ओळ ठेवजा." मी बेण्याच्या जुड्या मोजत बसलो. त्यांच्या पंच्याहत्तरीच्या या गौरव अंकात उत्तर देतो.

साहेब, ओळ मिळणार नाही. आणखी पंचवीस वर्षं तरी नाही. सगळ्या ओळींना पाणी द्यायला गावात माणसं आहेत. तुम्ही गुडघे सांभाळा, साखर कमी खा, पोटभर झोपा. आणि मळ्यात याल तेव्हा लांबूनच हाक मारत या. तुमचा आवाज आला, की माणूसही दिसला पाहिजे.