बाभळीवरची बुरशी कोणत्या घराण्यातली

हिवरखेडला आमच्या गोठ्यामागे बाभळीचा एक ओंडका कित्येक पावसाळे खाऊन पडलेला होता. माझी भाची अमरावतीला बुरशीवर पीएचडी करते. लाकडावर राहणारी, डोळ्यांना धड न दिसणारी बुरशी. एवढं शिकून बुरशी! पण पोरीला सांगेल कोण? पोळ्याला आली, तर पुरणपोळी ताटात तशीच आणि ही ओंडक्यापुढे उकिडवी.

"काय वं, काय पाहून राहिली?"

"मावशी, हे ठिपके पाह्य."

मोहरीहून बारीक, काळेशार. तिच्या भिंगातून पाहिलं तर त्यांच्या इवल्या सुरया झाल्या, माना वर काढलेल्या. सुरईत पिशव्या, पिशवीत बीजं, असं ती सांगत होती. बीजाच्या मधोमध भिंत असली तर एक प्रजाती, म्हणजे माझ्या भाषेत घराणं; नसली तर दुसरं. तिचे सर म्हणत, भिंत नाही, ही जुन्याच घराण्यातली. हिला वाटे, आहे. पण सुरया अजून कच्च्या होत्या, आत बीजच धरलं नव्हतं.

"दसऱ्याले येतो मी. तोवर पिकतीन. नाई पिकल्या तं सर म्हणतीन तेच लिहा लागते."

जागा सापडावी म्हणून तिनं ओंडक्याला लाल दोरा बांधला आणि गेली.

आता लाल दोरा आमच्याकडे कशाला बांधतात? नवसाला! थोरल्या जाऊबाईंनी तो पाहिला आणि मला न विचारताच ठरवलं, की मी नवस बोलले. घट बसले त्या दिवसापासून हळदकुंकू आणि रोज तांब्याभर पाणी. ते शेजारणीनं पाहिलं, तिनं अगरबत्ती खोचली. मी तेव्हा अकोल्याला लेकाकडे, डोळ्याच्या ऑपरेशनला. परत आले तर ओंडक्याला शेंदूर, पुढं नारळ, वर झेंडूची माळ. मी कपाळावर हात मारतेय तोच भाची यष्टीतून उतरून दारात.

"मावशी! हे काय केलं वं!"

हळदीच्या थराखाली एक ठिपका दिसेना. पोरगी रडत रडत नखानं हळद खरवडू लागली. मी कुऱ्हाड आणली, म्हटलं फोडून तरी पाहू. तर जाऊबाई आडव्या.

"देवाले कुऱ्हाड लावतं काय?"

"बाई, देव नाही तो. बुरशी आहे," मी म्हटलं.

"असन. मंग सारी गल्ली काय बुरशीच्या पाया पडून राहिली?"

"हो ना!" भाची रडता रडता हसली. "मोठी मावशी, दोरा मी बांधला होता. नवसाचा नाई, खुणेचा. ही बुरशी नाई भेटली तं माझं म्हणणं खोटं पडते."

जाऊबाईंनी ओंडक्याला हात जोडले. "पोरीसाठी हलवून राहिलो, राग नको धरू," म्हणाल्या, आणि पदर खोचून त्यांनीच तो उलटवला. "खालून घे. तिथं हळद नाई पोचली."

बाकीचं सरपण दसऱ्याच्या उन्हात पापडासारखं कडकडीत झालं होतं. हा मात्र रोजच्या तांब्यानं खालून ओलागार, आणि साऱ्या अंगभर काळ्या सुरया, टचटचीत पिकलेल्या! भाचीनं छोट्या चाकूनं चार टवके काढले. कुऱ्हाडीचं कामच पडलं नाही.

दिवाळी झाल्यावर तिचा फोन आला. मी स्पीकर लावला, जाऊबाई तूर निवडत होत्या.

"मावशी, भिंत आहे! सरांनी बी पाह्यली. आता दुसऱ्या घराण्यात टाकून राहिलो आमी तिले."

"म्हणजे आता आपली नाई राह्यली?" जाऊबाईंचा सूप धरलेला हात थांबला.

"आपलीच वं. नाव दुसरं लागलं फक्त."

"हात्तिच्या!" जाऊबाई उठल्या, तांब्या घेतला आणि गोठ्याकडे निघाल्या. "आडनाव बदललं म्हणून लेकीले का कोणी तहानलेली ठेवते?"