आत किती माणसं?

खंडेराव ताजनपुरे यांना मी पहिल्यांदा भेटले तेव्हा ते माझ्या यादीत नव्हते. यादी म्हणजे प्रकल्पाशी ज्यांचा संबंध येतो अशा माणसांची यादी. कुठलाही आयटी प्रकल्प हातात घेतला की ही यादी सगळ्यात आधी करायची असते. कुठल्याही पुस्तकाच्या पहिल्याच प्रकरणात हे सापडतं आणि मी ते नव्या मुलांना शिकवतेसुद्धा. माझ्या यादीत कारखान्याचे मालक होते, एचआरचे साहेब होते, पगार काढणारे होते, आमच्या कंपनीचे संतोष सर होते. ज्या माणसाचं काम आम्ही मशीनला देणार होतो तो तेवढा नव्हता. माझी अक्कल मला तिथेच कळायला हवी होती.

मी योगिनी. इंदिरानगरमध्ये एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत प्रोजेक्ट मॅनेजर आहे. सातपूरच्या एका कारखान्याला हजेरीची नवी पद्धत बसवून द्यायचं काम आमच्याकडे आलं होतं. गेटवर चेहरा ओळखणारं मशीन, मागे शिफ्टचं वेळापत्रक, साहेबांच्या टॅबलेटवर आत असलेल्यांची यादी. काम सरळ दिसत होतं. पाच महिने, चार माणसं.

खंडेराव त्या कारखान्यात एकतीस वर्षं टाइम ऑफिसात होते. टाइम ऑफिस म्हणजे गेटला लागून असलेली एक खोली, तिथे कामगारांची हजेरी लागायची. माणूस बुटका, आवाज मोठा, तोंडात कायम लवंग. कामगारांना ते नावाने क्वचितच हाक मारायचे. गावाने मारायचे. "काय गिरणारे, आज उशीर?" "दिंडोरी, तुझी सही राहिली." नोकरीच्या दुसऱ्या वर्षी त्यांनी कारखान्यात एक आग पाहिली होती. त्या दिवशी आत किती माणसं आहेत हे कोणालाच सांगता येईना. जो कामगार घरी झोपला होता त्याला शोधायला अग्निशमन दलाचा एक जवान आत गेला आणि भाजून बाहेर आला. तेव्हापासून या माणसाने एकच गोष्ट धरून ठेवली. दिवसाच्या कुठल्याही मिनिटाला कोणी विचारलं, आत किती, तर उत्तर देता आलं पाहिजे आणि ते बरोबर आलं पाहिजे.

मी परीक्षा घेतली होती. भर दुपारी, त्यांचा डबा उघडलेला असताना विचारलं. मान वर न करता म्हणाले, "एकशे चौदा. त्यात तुम्ही दोघं पाहुणे." मी माझ्याबरोबरच्या मुलाला आत पाठवलं आणि मोजायला लावलं. एकशे चौदाच निघाले. मी हसून म्हटलं, "काका, आता हे सगळं मशीन करणार." तेही हसले. मला तेव्हा वाटलं होतं की मी किती मोकळेपणाने वागतेय.

त्यांच्या टेबलावर हजेरीचं छापील रजिस्टर होतं, आणि त्याखाली दोनशे पानी एक साधी वही. रजिस्टर सरकारी तपासणीसाठी. खरी माहिती वहीत. ती वही कशाची, हे मी विचारलं तेव्हा त्यांनी आधी खोलीचं दार लोटून घेतलं.

"मॅडम, ही पोरं कुठली हायेत? गिरणाऱ्याची, दिंडोरीची, पळशाची. निम्म्यांच्या घरी शेती. पंपाची लाईट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री, आन् गावागावाची वेळ निराळी. लाईट आली की पाणी भरायला माणूस पाहिजे का नको?"

"पाहिजे."

"मग ते काय करत्यात, आपसात पाळी बदलून घेत्यात. ह्याची दुसरी तो करतो, त्याची पहिली हा करतो. एचआरला हे चालत नाय. कागदावर ज्याची पाळी त्याचीच. पण गेटातून आत कोण गेला ते मला पाहिजे ना? म्हणून ही वही."

वहीत गावांच्या नावाखाली लाईटच्या वेळा होत्या. त्यापुढे कोणाच्या जागी कोण. तारीखवार, बारीक अक्षरात, एकही खाडाखोड नाही. मशीनने काय काय करायचं ते सांगणारी जी गरजपत्रकं मी आतापर्यंत पाहिली त्या सगळ्यांपेक्षा ते चांगलं होतं. मी लॅपटॉप उघडला आणि त्यांच्या देखत आमच्या गरजपत्रकाच्या मसुद्यात चौदावा मुद्दा लिहिला. कामगार आपसात पाळी बदलतात, मशीनने बदली माणसाला आत घेऊन त्याची नोंद ठेवावी. त्यांनी चष्मा वर करून ओळ वाचली. "बरोबर," म्हणाले.

चौदावा मुद्दा संतोष सरांनी एचआरच्या साहेबांना दाखवला. साहेब चिडले. "आमच्याकडे अदलाबदल होतच नाही. कागदावर आणलंत तर आम्ही कबूल केल्यासारखं होईल. उलट करा. ज्याची पाळी नाही त्याला मशीनने लाल दिवा दाखवायचा." मी म्हटलं, सर, प्रत्यक्षात होतं हो. संतोष सरांनी मला बाजूला घेतलं. "योगिनी, हे घेतलं तर सहा आठवडे वाढतील. मालकांना खंडेनवमीला मशीनची पूजा करून सुरू करायचंय. त्यांनी गुरुजी सांगून ठेवलेत. व्याप्ती वाढवू नकोस."

व्याप्ती वाढू न देणं हेही आमच्या धंद्याचं पहिलंवहिलं तत्त्व. काम काय, किती दिवसांत, किती खर्चात. तिन्हीपैकी एक हललं की बाकीची दोन हलतात. हे मी इतक्या वेळा फळ्यावर काढलं आहे की झोपेतही काढीन. मी चौदावा मुद्दा खोडला. खोडला म्हणजे अक्षरशः, एका बोटाने. त्याची बदल म्हणून नोंद केली नाही, कारण बदलांची नोंद सह्या झाल्यानंतर सुरू होते आणि सह्या अजून व्हायच्या होत्या. असे नियम मला बरोबर तोंडपाठ असतात. आणि जोखमींच्या यादीत मी काय लिहिलं? इंटरनेट बंद पडेल. मशीन यायला उशीर होईल. पावसाळ्यात वीज जाईल. एक माणूस आत राहून जाईल आणि कोणाला कळणार नाही, असं लिहायचं माझ्या डोक्यातही आलं नाही. नाही, हे खोटं आहे. डोक्यात आलं होतं. लिहिलं नाही.

खंडेनवमीला सगळ्या मशिनींबरोबर गेटवरच्या मशीनलाही झेंडूचा हार घातला. नारळ फुटला, पेढे वाटले, आमचा फोटो निघाला. त्याच दिवशी खंडेरावांची बदली स्टोअरमध्ये झाली. साहेबांनी टाइम ऑफिसातली कागदपत्रं जमा करायला सांगितली. त्यांनी रजिस्टर दिलं आणि वहीसुद्धा दिली, न मागता. मी बघत होते. दोन्ही हातांनी दिली.

पाळ्या बदलणं काही थांबलं नाही. पंपाची लाईट आमचं सॉफ्टवेअर बघून येत नव्हती. बदलीवर आलेल्या माणसाला मशीन लाल दिवा दाखवायचं, मग गेटवरचा वॉचमन राजू बाजूचं छोटं फाटक उघडून त्याला आत सोडायचा. वही नव्हती, त्यामुळे कुठे लिहिलं जात नव्हतं. आम्हाला मिळणाऱ्या अहवालात एखाददुसरी गैरहजेरी सोडली तर हजेरी चोख दिसत होती. महिन्याभराने मी स्टोअरमध्ये खंडेरावांना भेटले तेव्हा ते म्हणाले, "मॅडम, सगळं बरं चाललंय ना? त्या लाल दिव्याचं पोरं कायतरी सांगत होती." मी म्हटलं, "सुरुवातीला होतं तसं, काका." आणि मीटिंगला उशीर झाला म्हणून निघाले.

नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात, संध्याकाळी पावणेसहाला, पेंट शॉपला लागून असलेल्या थिनरच्या खोलीत आग लागली. भोंगा वाजला. दुसऱ्या पाळीची माणसं मैदानात जमली. एचआरचे साहेब टॅबलेट घेऊन उभे राहिले आणि एकेक नाव वाचू लागले. आत सदतीस. बाहेर सदतीस. माझं सॉफ्टवेअर अगदी बरोबर चाललं. साहेबांनी बंबवाल्यांना सांगितलं, सगळे बाहेर आहेत. मग बंबवाल्यांनी आत माणूस न घालता बाहेरूनच पाणी मारायला सुरुवात केली.

रांगेतला एक जण म्हणाला, "साहेब, सोमनाथ दिसत नाय." साहेबांनी टॅबलेटवर बोट फिरवलं. "त्याची सकाळची पाळी होती. घरी गेला असेल." तो रांगेत मागे सरकला. राजू वॉचमन तिथून दहा फुटांवर उभा होता. साडेतीनला त्यानेच सोमनाथला फाटकातून परत आत घेतलं होतं. तो नंतर म्हणाला की मला वाटलं तो मागच्या दाराने निघाला असेल. खरं तर तो नोकरीला घाबरला, आणि त्याला शिव्या द्यायला माझी जीभ उचलत नाही.

खंडेराव साडेपाचला सुटून बसस्टॉपवर उभे होते. धूर बघून परत पळत आले. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस. त्यांनी टॅबलेटकडे पाहिलं नाही. रांगेसमोरून चालत गेले, एकेकाच्या तोंडाकडे बघत, आणि ओरडले, "गिरणाऱ्याला ह्या आठवड्यात चारनंतर लाईट हाय. भिका पाण्यावर गेला असंल. भिकाच्या जागी कोण आलाय?"

मग राजू रडायला लागला.

तोवर वीस मिनिटं झाली होती. सोमनाथ पेंट शॉपच्या मागच्या संडासात सापडला. आग तिथवर पोचलीच नव्हती, धूर पोचला होता. आतून कडी होती आणि ओला रुमाल तोंडाला बांधलेला होता. म्हणजे तो वाट बघत होता. एकोणतीस वर्षांचा. सकाळची स्वतःची पाळी करून, डबा खाऊन, मित्राचा गहू भिजावा म्हणून दुसऱ्या पाळीला उभा राहिलेला. घरी बायको आशा आणि तीन वर्षांची मुलगी. भिका अंत्यविधीला आला तो पायाला चिखल तसाच घेऊन आला, आणि आशाच्या समोर उभं राहायची त्याची हिंमत झाली नाही.

चौकशी समिती बसली. कारखान्याचीच होती. टेबलाच्या एका बाजूला साहेब, वकील, संतोष सर आणि मी. समोर खंडेराव, एकटे. समितीने आमचं गरजपत्रक वाचलं, सगळ्यांच्या सह्या पाहिल्या. मग मला विचारलं, "पाळ्या बदलण्याच्या या प्रथेची टाइम ऑफिसने तुम्हाला माहिती दिली होती का?"

संतोष सरांनी टेबलाखाली माझ्या चपलेवर पाय ठेवला. ठेवला नसता तरी मी तेच बोलले असते, हे मला माहीत आहे. मी म्हटलं, "लेखी स्वरूपात काही नाही."

वाक्य खरं होतं. अंतिम कागदात खरंच काही नव्हतं. खंडेराव माझ्याकडे बघत राहिले. रागाने नाही, समजत नसल्यासारखे. त्यांना विचारलं तेव्हा म्हणाले, "वही माझी होती. पाळ्या मी बदलून देत होतो." वकिलाने एवढंच लिहून घेतलं. निष्कर्ष निघाला की नियमबाह्य प्रथेला टाइम ऑफिसने वर्षानुवर्षं खतपाणी घातलं. निवृत्तीला दोन वर्षं असताना त्यांना काढलं. आमच्या कंपनीने प्रकल्प यशस्वीरीत्या पूर्ण झाल्याचा कागद घेतला. तो कागद मीच तयार केला होता.

फेब्रुवारीत मी चेहेडीला त्यांच्या घरी गेले. ते ओट्यावर बसून मेथीच्या जुड्या बांधत होते. मला बघून हातातली जुडी पुरी केली, मग बसायला सतरंजी टाकली.

थोडा वेळ इकडचं तिकडचं बोलून झालं. मग त्यांनी विचारलं, "मॅडम, एक सांगा. तुम्ही त्या दिवशी माझ्यासमोर लिहून घेतलं व्हतं. मी वाचलं व्हतं. चौदा नंबर. मग मशीनला ते कळलं कसं नाय?"

तीन महिने हा माणूस हेच शोधत बसला होता. मशीन कुठे चुकलं. मी खोटं बोललेय हे त्याच्या मनातही आलं नव्हतं.

"मशीन चुकलं नाही, काका," मी म्हटलं. "मी ते खोडलं. सह्या व्हायच्या आधी."

"खोडलं?"

"हो."

"आन् मला सांगितलं नाय?"

"नाही."

त्यांनी पुढची जुडी उचलली, सुतळी फिरवली, पण गाठ मारली नाही. मग अगदी हळू, ज्या आवाजात मी त्यांना कधीच बोलताना ऐकलं नव्हतं, म्हणाले, "सांगितलं असतं तर मी वही दिली नसती."

मग त्यांनी गाठ मारली आणि माझ्याकडे न बघता पुढची जुडी उचलली. मी उठायला लागले तेवढ्यात त्यांच्या सूनबाई चहा घेऊन आल्या. त्यांना यातलं काही माहीत नव्हतं. "बसा ना मॅडम, साखर कमी तर नाही ना?" म्हणाल्या. मला तो चहा खंडेरावांसमोर बसून सगळा प्यावा लागला.