आमचा समजाभाऊ

त्याचं बोलणं ‘समजा’नं सुरू व्हायचं. नारायणगावजवळच्या माझ्या टोमॅटोच्या रोपवाटिकेत तो पहिल्यांदा आला, तेव्हा मी त्याला सॉफ्टवेअरचं काम सांगितलं. शेतकरी रोपं बुक करतो. ती तयार झाली की त्याच्या मोबाइलवर निरोप गेला पाहिजे, बस्स. तो म्हणाला, “नाना, समजा मोबाइल पोरगं शाळेत घेऊन गेलंय, तर?”

त्यानंतर कितीतरी दिवस त्यानं लॅपटॉप उघडलाच नाही. शेडनेटच्या दाराशी खुर्ची टाकून बसायचा, येणाऱ्याजाणाऱ्यांशी बोलायचा. कोण रोपं न्यायला उशिरा येतो, कोण शेजाऱ्याची उचलून नेतो, कुणाचं रान अजून नांगरलेलंच नाही. मला वाटायचं, हा सॉफ्टवेअर करायला आलाय की सोयरीक जमवायला? ट्रे भरणाऱ्या बायांनी त्याचं नाव ‘समजाभाऊ’ ठेवलं. एकीनं एकदा विचारलं, “भाऊ, समजा तुमचं लगीनच न्हाई झालं, तर?” त्यानं खरोखर विचार केला आणि म्हणाला, “मंग मेंढरं हायेत की.” बाया हातातले ट्रे ठेवून हसल्या.

मेंढरं होतीच. तो लोणीचा, मेंढपाळाच्या घरातला. वडिलांना कळपामागं चालणं होईना, म्हणून पुण्यातली कंपनी सोडून घरी आला होता. मोटारसायकलवर आमच्या भागातल्या रोपवाटिकांची कामं करायचा. “एवढी गिऱ्हाइकं टिकली ना नाना, तर मला गाव सोडावं लागणार न्हाई,” असं एकदा चहा पिताना म्हणाला होता. ते मी ऐकलं होतं, हे इथं लिहून ठेवतो.

आज बाजारात सगळे म्हणतात, एआयनं समजाभाऊचं काम खाल्लं. मीही मान हलवतो. ते खरं नाही.

खरं असं, की पुण्याहून माझा पुतण्या आला होता. त्यानं एआयला चार ओळी सांगितल्या आणि चहा निवायच्या आत नवं ॲप तयार. मी मागेन त्याला ते ‘हो’ म्हणत होतं, ‘समजा’ एकदाही नाही. आमच्या हिच्या आजारपणात डॉक्टरही ‘समजा’ म्हणूनच बोलायला सुरुवात करायचे. ती गेल्यापासून मला तो शब्द नकोसा झाला होता. दुसऱ्या दिवशी समजाभाऊला सांगितलं, आता तुझी गरज नाही. तेवढ्यावर थांबलो नाही. बाकीच्या रोपवाटिकावाल्यांना बोलावून ते ॲप हौसेनं दाखवलं. एकेकानं समजाभाऊला नको म्हटलं. यंत्र आपल्या पायांनी कुणाच्या दारात गेलं नव्हतं. मी घेऊन गेलो.

गाव सोडून जायच्या आधी तो भेटायला आला. ॲप बघायला मागितलं, सावकाश सगळं उघडून पाहिलं. “चांगलं झालंय,” म्हणाला. “मीपण ह्या एआयकडूनच लिहून घेत व्हतो, नाना. लई दिवस झालं.”

मी चमकलो. “मग इतके दिवस तू काय करत होतास?”

“तुमच्यापाशी बसत व्हतो की.”

त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मला सोपं गेलं असतं. त्यानं बायांचा निरोप घेतला, माझ्या पाया पडला आणि गेला. आता पुण्यात असतो. मेंढरं विकली, वडिलांना सोबत नेलं. म्हातारा तिथं चौथ्या मजल्यावर दिवसभर गॅलरीत बसून असतो, असं लोणीचा एक शेतकरी सांगत होता.

दाराशी आता कुणी बसत नाही. शेतकऱ्याला निरोप वेळेवर जातो, तो येतो, मोबाइल दाखवतो, रोपं घेऊन निघतो. कुणाचं रान नांगरलंय, कुणाचं नाही, मला कळत नाही.

परवा न राहवून मी त्याला फोन केला. बाकीच्यांना ते ॲप मीच दाखवलं, हे सगळं सांगायचं ठरवलं होतं.

“नाना, काय अडलंय का?” त्यानं लगेच विचारलं. “रविवारी येऊन बघून जातो.”

मी ॲप उघडून पाहिलं. सगळं नीट चालू होतं. “काही अडलं नाही,” एवढंच त्याला सांगून मी फोन ठेवला.